घाटाखालचं कोठार

बाजाराचा दिवस असून मिठाचे बैल घाट चढून आले नाहीत, तेव्हाच वेणूने ओळखलं की घाट बंद झालाय. घाटमाथ्यावर सेनापती रायाजीरावांनी खालच्या राज्यावर तोफ रोखली होती, आणि पहिल्याच तुकडीत वेणूचा भाऊ येसू होता.

वेणू राणीसाहेबांना पोथी वाचून दाखवायची. शिकलेली, पण भांडं पडलं तरी दचकणारी.

दरबारात रायाजीराव मिशीला पीळ देत म्हणाले, "महाराज, शांतता हवी ना? आणखी दहा तोफा द्या. खालचे मान वर करणार नाहीत."

येसूच्या काळजीने वेणू कशीबशी पुढे झाली. "महाराज, तोफा असू देत. फक्त सेनापतींचं भाताचं कोठार घाटाखाली हलवा, आणि तिकडच्या सेनापतींचं मिठाचं कोठार वर आणा."

"माझा भात शत्रूच्या दारात?" रायाजीराव कडाडले. "एक गोळा पडला तर राख होईल, पोरी!"

"पण गोळा टाकणार कोण, सरकार? तोफ तर तुमचीच आहे."

महाराज खो खो हसले. खालच्या राजालाही ही अदलाबदल पटली. भात खाली पोचला, तसे रायाजीराव स्वतःच ओरडले, "अरे, तोफेचं तोंड फिरवा आधी! खाली माझा भात आहे!"

येसू सुखरूप घरी आला. वेणूने महाराजांना हात जोडले, आणि मनातल्या मनात रायाजीरावांच्या भातालाही. मग कड्यावर जाऊन तिने मीठवाल्याला साद घातली, "धोंडूमामाऽऽ, घाट मोकळा झालाय होऽऽ!"

तिने पुन्हा हाक मारली, आणि पुन्हा.

खालून आवाज आला, "आलो गं पोरीऽऽ! बैलांवर गोण्याच चढवतोय!"