तीन दगडांचा हंडा

एका राज्यात तांब्याचा एक हंडा होता, हत्ती बसेल एवढा. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात तो तीन दगडांवर अखंड उकळे, आणि त्याच्या वाफेने राज्यातली चूल न् चूल पेटे. एक दगड नदीकाठच्या वारुणरावांचा, दुसरा रानच्या पर्णाबाईंचा, तिसरा डोंगरच्या भीमकेतूंचा. हंडा ढवळायचा डाव मात्र प्रधानाच्या हाती. ज्याच्या हाती डाव, त्याचा कारभार.

एके दिवशी तिघे भांडले. हंड्याचा कान कोणाकडे वळवायचा, एवढ्यावरून! तिघे उठून चालते झाले, आणि त्यांचे दगडही त्यांच्यामागे चालत गेले. हंडा धाडकन खाली आला. विस्तव विझला.

वृद्ध प्रधान विश्वधरांनी डाव राणी धवलावतीच्या पुढ्यात ठेवला.

"राणीसरकार, आधार गेला. माझा राजीनामा घ्यावा."

तोच धुराड्यातून मांत्रिक कालांजन उतरला. "जुना शाप आठवतो ना? तिसऱ्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत हंडा उकळला नाही, तर राणीची राख, आणि राज्य माझं!"

त्याच क्षणी राणीच्या करंगळीची राख झाली. राणी केवढ्याने दचकली! गादीवर येऊन तिला पुरता महिनाही झाला नव्हता.

खिडकीत टिटवी बसली होती. ती म्हणाली, "दचकून झालं असेल तर निघा. निरोप धाडू नका, स्वतः जा."

राणी निघाली. पहिल्या दिवशी नदीवर पोचली. वारुणराव म्हणाले, "मला विचारल्यावाचून माझ्या पाण्याला बांध घालायचा नाही."

"नाही घालणार."

दगड तिच्यामागे चालू लागला.

दुसऱ्या दिवशी रान लागलं. पर्णाबाई म्हणाल्या, "मला विचारल्यावाचून कुऱ्हाड आत यायची नाही. आणि त्या भीमकेतूशेजारी मी बसायची नाही. झोपेतसुद्धा वरची पायरी शोधतो मेला!"

"तुम्हा दोघांच्या मधे मी बसेन."

दुसरा दगड निघाला.

तिसऱ्या दिवशी डोंगर. भीमकेतू म्हणाले, "माझा दगड सर्वांत मोठा. डाव मला."

"दिला. पण हंडा उकळला तरच."

उन्हं कलताना सगळे मुदपाकखान्यात जमले. तीन दगड मांडले, हंडा चढवला, आणि तो कलंडला. भीमकेतूंचा दगड दोन हात उंच होता! लहान दगडांखाली चिपा सरकवल्या, त्या निसटल्या. पुन्हा सरकवल्या, पुन्हा निसटल्या. कालांजन धुराड्यात बसून टाळ्या पिटू लागला.

"यांनी आपले दगड वाढवावेत," भीमकेतू म्हणाले.

"वाढवते हं, पाणी घालून!" पर्णाबाई फणकारल्या.

राणीने पहार उचलली आणि मोठ्या दगडाच्या बुडाशी घातली. पहार ठण्णकन उडाली. त्या भूमीचा नियमच असा होता, की ज्याचा दगड, त्याच्याच हाताने त्याच्या बुडाची माती निघे. राणीचा तळवा आता राखेचा झाला होता. पहार हातातून गळून पडली.

"माझा दगड पुरायचा?" भीमकेतू गरजले. "डोंगर हसेल मला!"

राणी म्हणाली, "लहान दगड पुरला तर दिसेनासा होईल, भीमकेतूराव. तुमचा दोन हात पुरला तरी पुरून उरेल. डाव तुम्ही मागितला आहे. मग खड्डाही तुमचाच."

भीमकेतूंनी त्या राखेच्या हाताकडे पाहिलं, मावळतीकडे पाहिलं, आणि पागोटं काढून ठेवलं. पहार घेतली. घामाने निथळत दोन हात खणलं. दगड खाली बसला, तिन्ही माथे एका पातळीत आले. हंडा चढला, आणि तसूभरही हलला नाही!

वारुणरावांनी पाणी ओतलं, पर्णाबाईंनी सरपण लावलं, राणीने ठिणगी टाकली. सूर्याची शेवटची कड उरली असताना हंडा खदखदला. वाफेने कालांजनाला धुराड्यातून असं उडवलं, की तो सात समुद्रांपलीकडे जाऊन पडला. राणीचा हात फुटव्यासारखा पुन्हा उगवला. गावोगावच्या चुली भपकन पेटल्या, नगारे वाजले. विश्वधरांनी आपल्या हाताने भीमकेतूंच्या हाती डाव दिला.

"आणि हंड्याचा कान?" टिटवीने विचारलं.

"फिरता ठेवू," नवे प्रधान हातांची माती झटकत म्हणाले.

तेव्हापासून त्या राज्यात जो डाव मागतो, त्याला आधी पहार देतात. त्या चुली अजून पेटत्या आहेत. तुमचीही चूल पेटती राहो.