शेलवंडीच्या घंटेचा दोर

सन एकोणीसशे, वैशाख महिना. संवत छपन्नच्या दुष्काळाचं ते शेवटचं ऊन. ते पाहिलेलं आता कुणी उरलं नाही, पण शेलवंडीत ते लहानथोरांना पाठ आहे.

शेलवंडी माळावरचं गाव. गावाच्या टोकाला ख्रिस्ती लोकांची चाळीस घरं, त्यांची एक विहीर आणि एक देऊळ. देवळाला दगडी मनोरा, मनोऱ्यात घंटा. ती वाजवायचा थोमा. एकटा माणूस, ना बायको ना पोर. मंडळीत प्रार्थना करायची त्याची पाळी आली की तो उभा राही, म्हणे, "बापा, आमच्याकडे बघ. काम सांग. आमेन." आणि खाली बसे.

मंडळीचा वडील, म्हणजे पुढारी, होता लूकस. त्याची प्रार्थना सुरू झाली की पोरं एक झोप काढून उठत, असं म्हणतात. तो थोमाला म्हणे, "तुझी प्रार्थना सुरू कधी झाली नि संपली कधी, देवालाही कळत नसेल."

थोमा म्हणे, "देव बहिरा नाही, लूकसदादा."

त्या वैशाखात विहीर आटली. बैल आधीच मेले होते. मोटेचं कातडं आणि नाडे लोकांनी उकडून खाल्ले होते. लूकसचे दोन मुलगे, पेत्रस आणि शिमोन, तळ खोदायला उतरले. दुसऱ्या दिवशी दुपारी एका बाजूचा काठ ढासळला. पायऱ्या गेल्या, वस्तीत होता तो एकच दोर मातीखाली गेला. तळातून पहारीचा आवाज येत होता. थांबे, पुन्हा येई.

लूकसने डोळे मिटून प्रार्थना धरली. बापाला दुसरं काही सुचेना. लोक गुडघ्यांवर आले. थोमा तेवढा उठला, मनोऱ्यात चढला आणि त्याने घंटेचा दोर कापून आणला.

लूकसने डोळे उघडले. "थोमा, तो दोर देवाचा आहे."

"उसना घेतलाय. परत करीन."

"आधी प्रार्थना तरी होऊ दे."

"चालू द्या की. मी वर येईस्तोवर आमेन म्हणू नका म्हणजे झालं. आणि लांब बसा. काठ कच्चा आहे."

दोर पाच पुरुष लांब, विहीर सहा पुरुष खोल. राहिलेली लांबी थोमाने डोईचा पटका सोडून भरून काढली. चांगल्या बाजूला लूकस आणि तीन गडी दोर धरून उभे राहिले, थोमा खाली उतरला. जन्मात पहिल्यांदा लूकसने उभ्याने, डोळे उघडे ठेवून प्रार्थना केली. तिला शब्द नव्हते.

आधी शिमोन वर आला, मोडक्या पायाने. मग पेत्रस आला. त्याचा श्वास चालतो की नाही, ते कळेना. दोर तिसऱ्यांदा खाली गेला, थोमाने तो हाताला गुंडाळला. तेवढ्यात पेत्रसने डोळे उघडले आणि हाक मारली, "आबा."

लूकसचं भान सुटलं. "गुडघे टेका," तो म्हणाला. "देवाचे उपकार माना."

लोक धावत काठाशी आले आणि गुडघ्यांवर पडले. इतक्यांचा भार कच्च्या काठाला पेलला नाही. माणसं कशीबशी मागे सरकली. काठ आत गेला. दोर लूकसच्या तळहातांची कातडी सोलून खाली गेला.

त्याच क्षणी दोर नसलेली घंटा तीनदा वाजली, असं म्हणतात. वारा नव्हता. शेलवंडीत मौतीला घंटा तीनदाच वाजवतात.

दोन दिवस लोकांनी हातांनी माती उपसली. थोमाच्या मुठी उघडेनात. दोर त्याच्यासोबतच पुरावा लागला. तो जिथे पडला होता तिथे ओल आली, संध्याकाळी पाणी आलं. तेव्हापासून ती विहीर आटलेली नाही, असं म्हणतात.

कबरीवर प्रार्थना झाली, पण लूकसने आमेन म्हणू दिलं नाही. "उसना दोर परत गेलेला नाही," तो म्हणाला. "आमेन कसलं?"

पाऊस आला तसा त्याने अंबाडी पेरली. ती कुजवली, सोलली, वाख काढला. हातांची नवी कातडी अजून कोवळी होती. त्याच हातांनी त्याने दोर वळला. वाखावर रक्ताचे डाग होते, असं म्हणतात.

आजही वैशाखात त्या दिवशी घरटी एक मूठ वाख गोळा होतो. दोर सहा पुरुष लांबीचा वळतात. तो आधी विहिरीत सोडतात, तळाला टेकवतात आणि एक माणूस त्याला लोंबकळून तो पारखतो. मंडळी काठापासून तीस पावलं लांब गुडघे टेकते. ज्यांच्या हातात दोर असतो ते उभ्यानेच प्रार्थना करतात, डोळे उघडे ठेवून. मग ओल्या टोकासकट दोर मनोऱ्यात नेऊन घंटेला बांधतात.

लूकसच्या घरचं जे कोणी थोर असेल ते खालून विचारतं, "पोचला का?"

वरून उत्तर येतं, "पोचला."

मग आमेन म्हणतात.