काटेरावाचं मापातलं घर

पूर्वी, प्राणी एकमेकांची घरं बघून हळहळत त्या काळी, काटेराव नावाचं साळिंदर सुगरण पक्षिणीकडे घर बांधायला शिकलं. सुगरण म्हणाली, "घर अंगाला बरोबर बसावं. रिकामी जागा ठेवणं हा निव्वळ अडाणीपणा."

काटेरावाने आपलं ऐसपैस बीळ बुजवलं. मग काटे मिटून, श्वास रोखून स्वतःचं आणि बायकोचं माप घेतलं आणि त्या मापाचं नवं, गोल, गुळगुळीत बीळ खणलं.

"अहो, इथे वळायचं कसं?" बायको सावळीने विचारलं.

"वळायचं कशाला? भिंतीची गोलाई बघ!"

संध्याकाळी दाराशी कोल्हा हुंगत आला. घाबरून दोघांचेही काटे फुलले आणि भिंतीत रुतून बसले. पुढे सरकता येईना की मागे. कोल्ह्याने नाक आत खुपसलं, तेव्हा काटेरावाच्या शेपटीचे काटे बोचून तो केकाटत पळाला. सावळीने नखांनी भिंत उकरून कशीबशी दोघांची सुटका केली.

सकाळी सुगरण आली. ढासळलेली भिंत पाहून तिने चुकचुक केली.

"घर अगदी बरोबर होतं हो. तुम्हीच थोडं बारीक व्हायला हवं होतं."

काटेरावाने खजील होऊन मान डोलावली. सावळी मात्र बीळ रुंद करायला उकरतच राहिली.