दयाबाईची हाक

प्रवरेच्या काठी पिंपळदरे नावाचे एक लहानसे गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला, टेकाडावर, कौलारू छपराचे ख्रिस्तमंदिर आहे. शांतवन महाराजांनी आयुष्याची शेवटची अकरा वर्षे तिथेच काढली. अंगात खादीची कफनी, गळ्यात बाभळीच्या लाकडाचा क्रूस आणि मांडीवर कोणाचे तरी मूल, असे त्यांचे रूप आजही म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांपुढे आहे. दुरून कोणी मोठा माणूस दर्शनाला आला तरी महाराज म्हणत, "जरा बसा. आधी या पाहुण्याचं ऐकून घेऊ." आणि तो पाहुणा जेमतेम चार वर्षांचा असे!

त्याच गावात दयाबाई राहत असे. शेळ्या राखायच्या, गवत कापायचे आणि करुणा नावाच्या आपल्या लेकीला वाढवायचे, एवढाच तिचा संसार. नवरा साखर कारखान्यावर कामाला, तो आठवड्याने घरी यायचा. घरात थोरली नणंद होती, रेबेकाबाई. मिशनच्या शाळेत तेहतीस वर्षे शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. पवित्र शास्त्राची पानेच्या पाने त्यांना तोंडपाठ होती. दयाला मात्र अक्षरओळख नव्हती, आणि ही गोष्ट रेबेकाबाई तिला एक दिवसही विसरू देत नसत.

करुणा साडेचार वर्षांची, अतिशय हट्टी. जेव म्हटले की पळे, ये म्हटले की लपे. एकदा दयाने तिच्या पाठीत धपाटा घातला आणि मग स्वतःच गोठ्यात जाऊन रडत बसली. दुसऱ्या दिवशी ती टेकाड चढून महाराजांकडे गेली. म्हणाली, मला वाचता येत नाही, मी लेकीला देवाच्या वाटेने कशी नेऊ?

महाराजांनी विचारले, "लेकी, तू तिला हाक कुठून मारतेस?"

"चुलीपासून. हातात काम असतं ना, महाराज."

"मग काम खाली ठेव आणि तिच्याजवळ जा. तिच्याएवढी होऊन बस, तिच्या डोळ्यांत बघ आणि हळू आवाजात एकदाच सांग. सांगितलंस ते तिच्याकडून करून घे, आणि जे करून घ्यायचं नाही ते सांगूच नकोस. आपला प्रभूसुद्धा स्वर्गातून ओरडत बसला नाही, खाली आला."

मग महाराजांनी तिला एक खेळ शिकवला. मूल अंगणात धावत असताना मध्येच हळूच "थांब, बाळा" म्हणायचे. मुलाने होते तसेच, पाय उचललेला असला तर उचललेलाच ठेवून, उभे राहायचे. थांबले की त्याला पोटाशी धरायचे. रोज सकाळी बाहेर पडताना लेकीच्या डोक्यावर हात ठेवून तिला प्रभूच्या स्वाधीन करायचे, हेही त्यांनी सांगितले.

दया हे सगळे नेमाने करू लागली. पहिले पंधरा दिवस करुणा काही थांबेना. मग एकदा थांबली, मग रोजच थांबू लागली. अंगणात मायलेकी खिदळत असत आणि ओट्यावर रेबेकाबाई कपाळाला आठ्या घालून बसत. शास्त्रात छडी सांगितली आहे, खेळ नाही, असे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. एका रविवारी मंदिरातली भक्ती संपल्यावर चारचौघींत त्या म्हणाल्या, "आमच्या दयाला प्रार्थना शिकवता येत नाही, म्हणून ती लेकीला पुतळा व्हायला शिकवते." बायका हसल्या. दयाने मान खाली घातली. महाराजांच्या कानावर हे गेले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "मेंढपाळाची काठी वाट दाखवायला असते. मेंढराच्या पाठीत घालायला नसते."

भाद्रपदातली गोष्ट. गावात लख्ख ऊन होते आणि नदीचे पात्र अर्धे कोरडे. दया गवत कापायला पलीकडच्या तीरावर गेली होती. घरी रेबेकाबाई करुणेला प्रभूची प्रार्थना म्हणायला लावत होत्या. एकाच ओळीवर पोर तीनदा अडखळली. बाईंनी छडी उगारली, तशी ती उठली आणि आईकडे जायचे म्हणून थेट नदीच्या दिशेने धावत सुटली. मागून छडी घेऊन आत्या. त्या जितक्या ओरडत तितकी पोर जोरात पळे.

वर डोंगरात पाऊस झाला होता, हे गावात कोणालाच माहीत नव्हते. पलीकडून दयाने मान वर केली तेव्हा तिला दोन गोष्टी एकदमच दिसल्या. वळणावरून लाल पाण्याचा लोंढा येत होता आणि करुणा काठाचा उतार उतरून पात्राकडे धावत होती. पाण्याचा आवाज असा की धडधाकट गड्याची आरोळीही पलीकडे पोहोचली नसती. दयाचा तर आवाज फुटेना. नुसते ओठ हलले, "करुणा, थांब, बाळा."

आणि करुणा थांबली! एक पाय उचललेला, दोन्ही हात पसरलेले. पुढच्याच क्षणी तिच्यापासून हातभर अंतरावरून लोंढा धडाडत गेला. रेबेकाबाई मागून पोहोचल्या, त्यांनी पोरीला ओढून वर घेतले आणि छडी कुठे पडली तेही त्यांना कळले नाही.

धाप ओसरल्यावर त्यांनी विचारले, "मी एवढी ओरडत होते, तेव्हा थांबली नाहीस. मग आत्ता कशी थांबलीस?"

पोर सहज म्हणाली, "आई माझ्या कानाशी बोलली ना."

रेबेकाबाईंनी पलीकडे पाहिले. दया तिथे गवतात गुडघे टेकून बसली होती, बोटाएवढी दिसत होती.

करुणेला कडेवर घेऊन त्या तशाच टेकाड चढून मंदिरात गेल्या. तिथली माणसे गोंधळून उभी होती. थोड्या वेळापूर्वी महाराज प्रार्थना करता करता मध्येच थांबले होते आणि अगदी आईच्या मायेने म्हणाले होते, "करुणा, थांब, बाळा." पाच-सहा जणांनी ते स्वतःच्या कानांनी ऐकले होते.

त्यांच्याकडून हे कळताच रेबेकाबाई महाराजांच्या पायांवर कोसळल्या. महाराजांनी त्यांना उठवले. "बाई, मला काही विचारू नका. कोणाचा आवाज कोणाकडून कुठे पोहोचवायचा, ते प्रभूला कळतं. आणि क्षमा मागायची तर ती माझी नाही."

तेहतीस वर्षांत बाईंनी कोणत्याही मुलाची क्षमा मागितली नव्हती. त्या करुणेपुढे फरशीवर गुडघे टेकून बसल्या, तिच्याएवढ्या झाल्या आणि मान लववून म्हणाल्या, "माझं चुकलं गं. मी छडी उगारायला नको होती."

करुणेने त्यांच्याकडे नीट पाहिले. मग आपला चिमुकला हात पुढे केला.

"उठा आत्या, फरशी गार आहे," ती म्हणाली.

सायंकाळी पाणी ओसरल्यावर दया नावेतून परत आली. काठावर तिची वाट पाहत दोघी जणी उभ्या होत्या. रेबेकाबाईंनी पुढे होऊन तिच्या डोक्यावरचा गवताचा भारा आपल्या डोक्यावर घेतला आणि वाटेत तिला विचारले, "दया, लेकराशी असं हळू कसं बोलायचं, मला शिकवशील का?"

धन्य ते शांतवन महाराज, आणि धन्य तो प्रभू, जो आईचे न फुटलेले शब्दही लेकराच्या कानी घालतो!