गोल शेताचा कोपरा

एकदा काय झालं, बेथ-शेमेश नावाच्या फार फार जुन्या गावात शल्लूम नावाचा एक शेतकरी राहायचा. इतका चिकट, की पाहुण्याला पाणी दिलं तरी पेला धरूनच उभा राहायचा, बरं का!

गावाची एक रीत होती. गहू कापताना शेताचे कोपरे कापायचे नाहीत. ते विधवांचे, पोरक्यांचे, वाटसरूंचे. शल्लूमच्या मात्र पोटात दुखायचं. मग एका वर्षी त्याने काय केलं? शेतच गोल पेरलं!

वेशीत बसून निवाडा करणाऱ्या म्हाताऱ्यांनी ते शेत बघितलं. दाढ्या खाजवल्या. म्हणाले, "कोपराच नाही, तर याला काय सोडायला सांगायचं?"

शल्लूम खूश! विळा घेऊन कडेकडेने कापत निघाला. एक फेरी झाली. मागे बघतो तर काय, कापलेला गहू पुन्हा उभा! विळा हातातून सुटेना, पाय थांबेनात. तो आपला गोल गोल.

मग त्याचं गाढव बघायला आलं. तेही त्याच्यामागे गोल गोल.

मग बायको आली, हग्गीथ. "अहो, पुरे आता, जेवायला चला!"

"अगं, संपतच नाही!"

त्याला ओढून आणायला ती आत शिरली. झालं! पुढे शल्लूम, मागे गाढव, त्यामागे हग्गीथ. "तरी मी सांगत होते, चौकोनी पेरा!"

ऊन कललं. शल्लूमची जीभ बाहेर आली. आता जन्मभर असंच फिरायचं की काय? तेवढ्यात टोपली घेऊन तिर्सा आली. बिचारी विधवा, दरवर्षी इथल्याच कोपऱ्यातला गहू न्यायची. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. कोपरा सापडेना. मग दमून शेताच्या कडेलाच गव्हात बसली.

"शल्लूम, कोपरा कुठाय रे?"

"नाही ठेवला, मावशी!"

"अरे, मग तू थांबणार कुठे?"

शल्लूम पुढच्या फेरीला तिच्यापाशी आला आणि रडकुंडीला येऊन ओरडला, "तू बसलीस ना, तोच कोपरा! तुझा!"

पाय जागच्या जागी थांबले. गाढव शल्लूमवर आदळलं, हग्गीथ गाढवावर. बघतात तर सगळं शेत कापून, पेंढ्या बांधून तयार. फक्त तिर्साभोवतीचा गहू उभा.

"अस्सं?" तिर्सा म्हणाली, आणि ऐसपैस पाय पसरून बसली. कोपरा केवढा तरी वाढला! शल्लूमने पटकन विळा खाली ठेवला.

मग त्या रात्री तिर्साकडे भाकरी भाजल्या, शल्लूमकडेही भाजल्या. सगळे सुखात राहिले. गाढव मात्र पुढे बाजारालासुद्धा गोल गोलच जायचं.

चला पोरांनो, आता गादीभर लोळू नका. धाकटीला एक कोपरा सोडा, आणि मिटा डोळे.