हौशाची वाकडी चाल

जनावरं एकमेकांना नावं ठेवायला नुकतीच शिकली होती, त्या काळची ही गोष्ट. एका बगळ्याने स्वभाव ओळखायची परीक्षा काढली. ज्याने त्याने बाभळीपासून विहिरीपर्यंत एकट्याने चालायचं आणि बगळ्याने मागची पावलं पाहून स्वभाव सांगायचा. शेळी झुडपापाशी रेंगाळली, ती हावरट ठरली.

हौशा बैल निर्धास्त निघाला. पेरणीत त्याच्यामागची ओळ दोरी धरल्यासारखी सरळ पडते, हे शिवारभर ठाऊक होतं. पण विहीर राहिली बाजूला आणि तो उजवीकडे कलत कलत बांधावर जाऊन थडकला. पुन्हा चालला, तरी तेच!

"वाकडा!" बगळा म्हणाला. "असला बैल पेरणीला नको."

हौशाला कडबा गोड लागेना. इतकी वर्षं सरळ चाललो ते खोटं, की आजचं खोटं? त्याने जोडीदार पाखऱ्याला विचारलं, "तुझं काय रे झालं?"

"मी डावीकडे गेलो, थेट ओढ्यात. मलाही वाकडाच म्हणाला."

सकाळी धन्याने दोघांना पाभरीला जुंपलं. नेहमीसारखा हौशा डाव्या बाजूला, पाखऱ्या उजव्या. एकमेकांवर रेलत दोघे पेरत निघाले. टोकाला वळताना हौशाने मागे पाहिलं. ओळ दोरीसारखी सरळ होती आणि तिच्यातूनच बगळा किडे टिपत येत होता.

"बगळेबुवा," हौशा गोंधळून म्हणाला, "आम्ही दोघंही वाकडे, मग ही ओळ कुणाची?"

बगळ्याने चोचीतला किडा गिळला, इकडेतिकडे पाहिलं आणि त्याच ओळीतून पुढचा किडा शोधत निघाला.