वरची बाजू

माणसाने आभाळात घर बांधलं, त्यानंतरची गोष्ट. त्या घरात मटकीच्या एका दाण्याला मोड आला. कोंब लगेच मुळाला म्हणाला, "मी वर राहणार, तू खाली जा."

मूळ निमूट निघालं. पण तिथे सगळंच तरंगत होतं, त्यामुळे खाली कुठे तेच त्याला कळेना.

"एवढंही समजत नाही?" कोंब खेकसला.

"तू वर जा, म्हणजे उरलेली बाजू माझी."

कोंबाने चहूकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "वर कुठंय रे?"

मुळाला हसू आवरेना. "मला इकडे ओल लागलीय. तुला उजेड दिसतो का बघ."

"दिसला," म्हणत कोंब निघाला. "पण वर मीच हं."

"बरं," मूळ म्हणालं आणि त्याने पाण्याचा पहिला घोट कोंबाकडे पाठवला.